माझी संमती, सर्वानुमते

माझी संमती बहुमताने मंजूर झाली तेव्हा मी तिथेच होते. शेवटून दुसऱ्या रांगेत, बंद पंख्याखाली, मांडीवर पर्स घेऊन. माझी संमती आहे असा ठराव आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मांडला, माझ्या नवऱ्याने त्याला अनुमोदन दिलं आणि हात वर झाले. विरोधात एकच हात होता. तो माझा होता. सेक्रेटरींनी चष्म्यावरून त्या हाताकडे पाहिलं, "वहिनी, पाणी हवंय का?" असं विचारलं आणि पुढचा विषय घेतला. पुढचा विषय गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाचा होता. त्यावर मात्र सविस्तर चर्चा झाली.

इतिवृत्तात शब्द आला "सर्वानुमते". मी सेक्रेटरींना जिन्यात गाठून विचारलं, तर ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो वहिनी, तुम्ही शिकलेल्या. तुमचा एक हात सोडला तर सगळे एकमुखाने बोलत होते. एका हातासाठी कागद कशाला खराब करायचा?"

नवऱ्याविषयी इथेच सांगून टाकते, म्हणजे गैरसमज नको. तो वाईट माणूस नाही. तो अनुमोदक आहे. सभेत "अनुमोदक कोण?" असा प्रश्न आला की बाकीचे सगळे आपापल्या चपला न्याहाळू लागतात आणि ती शांतता त्याला सोसत नाही. हात वर जातो. ठराव कशाचा होता हे तो घरी आल्यावर मला विचारतो. त्या दिवशीही विचारलं.

"तू माझा चेहरा देऊन आलास," मी म्हटलं.

"कोणाला?"

"गेटला."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "मला वाटलं कोणा माणसाला."

आता गेटाविषयी. मी मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तराजू, थर्मामीटर, दाबमापक, असं काय काय आमच्याकडे येतं, आणि ते खरं बोलतं का हे मी बघते. त्यामुळे नवीन यंत्र दिसलं की माझा पहिला प्रश्न असतो, चुकतं किती? चुकतं का, असं मी विचारत नाही. चुकतात सगळीच. आमच्या गेटवर चेहरा ओळखून दार उघडणारं यंत्र बसलं तेव्हा मी सेक्रेटरींना हाच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, "चुकत नाही. कंपनी मोठी आहे." मोठ्या कंपनीचे तराजू कसे असतात हे मला माहीत आहे, पण मी गप्प राहिले. गप्प राहण्याची मला सवय आहे, आणि लोकांना माझ्या गप्प राहण्याची त्याहून जास्त.

चेहरे गोळा करण्याची पद्धत सोपी होती. येता-जाता वॉचमन म्हणायचा, "मॅडम, जरा इकडे बघा." हाक मारली की माणूस बघतोच. मीही बघितलं. झालं, संमती मिळाली. माझ्या सासूबाईंनी तर बघून वर "बरा आहेस ना?" असंही विचारलं. त्या यंत्राला नव्हे, वॉचमनला. पण यंत्राने तेही घेतलं.

आमचे सेक्रेटरी निवृत्त हिशेबतपासनीस आहेत. तपासायला हिशेब उरले नाहीत की असा माणूस दुसरं काहीतरी शोधतो. यंत्र आलं आणि त्यांना नोकरी परत मिळाल्यासारखं झालं. महिनाअखेरीस त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर 'आवक-जावक' नावाचा अहवाल टाकायला सुरुवात केली. कोण किती वेळा बाहेर गेलं, सगळ्यात वेळेवर घरी कोण येतं, त्याला 'आदर्श रहिवासी' असा किताब. पहिला किताब स्वतः सेक्रेटरींना मिळाला. ते बाहेर जातच नाहीत. याच अहवालात तळमजल्यावर दवाखाना असलेले आमचे दंतवैद्य सकाळी तासभर चालायला जातात म्हणून सांगतात, ते प्रत्यक्षात निम्म्या वेळात परत येऊन वाहनतळात आपल्या गाडीत बसून असतात, हेही उघड झालं. त्यांच्या घरी त्यावरून काय झालं ते मला ठाऊक नाही, पण नंतर काही दिवस ते रुग्णांचे दात जरा जोरात काढत होते असं म्हणतात.

आणि याच अहवालातून सासूबाईंचा बुधवार बाहेर आला.

सेक्रेटरींनी नवऱ्याला बाजूला घेतलं. "तसं काही नाही, पण काकू दर बुधवारी जेवणानंतर बाहेर पडतात आणि दुपार कलल्यावर येतात. दर बुधवारी. नोंद आहे. घरी सगळं ठीक ना?"

घरी सगळं ठीक होतं. ते त्या प्रश्नानंतर बिघडलं. नवऱ्याने संध्याकाळी चहा पिता पिता, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, तू बुधवारी कुठे जातेस?"

"बाहेर."

"बाहेर कुठे?"

"गेटाच्या," सासूबाई म्हणाल्या आणि कप विसळायला उठल्या.

सासूबाईंनी आयुष्यभर सगळ्यांना सगळं सांगितलं आहे. भाजी कितीला आणली, शेजारीण काय म्हणाली, गुडघा कुठल्या पायरीवर दुखतो. त्यांनी एखादी गोष्ट सांगू नये, हेच नवऱ्याच्या पचनी पडेना. त्याने बहिणीला फोन केला. नणंदबाई दूर राहतात आणि दुरून माणसाला सगळं स्पष्ट दिसतं. त्या म्हणाल्या, "दादा, या वयात पडली-झडली तर कोण बघणार? त्या गेटाच्या ॲपमध्ये काहीतरी सोय असेल बघ."

सोय होती. 'ज्येष्ठ सुरक्षा' नावाची. ती सुरू केली की साठीच्या पुढच्या माणसासाठी गेट आपोआप उघडत नाही. आधी घरच्या कर्त्या माणसाच्या फोनवर विचारणा जाते, 'सोडू का?' त्याने हो म्हटलं तर उघडतं. नवऱ्याने ती सुरू केली. काळजीपोटीच केली, हे मी मान्य करते. जगातली बरीचशी कुलपं काळजीपोटीच लागलेली असतात.

पुढच्या बुधवारी सासूबाई गेटपर्यंत गेल्या आणि परत आल्या. नवरा मीटिंगमध्ये होता, फोन खिशात मुका. मी घरी आले तेव्हा त्या बाहेर जायच्या कपड्यांतच बसल्या होत्या. केसांना नीट कंगवा, पावडरीचा हात, पर्सचा पट्टा मुठीत. शेजारी रेडिओ होता, पण तो लावला नव्हता.

"त्या मेल्याने सोडलं नाही," त्या म्हणाल्या. यंत्राला त्या पहिल्या दिवसापासून 'तो मेला' म्हणतात. मग जरा थांबून म्हणाल्या, "तुला सांगू का, कुठे जाते ते?"

आता हा कसोटीचा क्षण होता. विज्ञानाचं शिक्षण घेतलेल्या बाईला 'सांगू का?' असं विचारणं म्हणजे मांजरीसमोर दूध ठेवून तिचं मत विचारणं. गेल्या काही बुधवारांची माझीही निरीक्षणं होती. परत आल्यावर त्यांचे गाल जरा लाल असतात. एकदा त्या जिना चढताना काहीतरी गुणगुणत होत्या. एकदा चपलेला बारीक वाळू होती. मी चार-पाच तर्क करून ठेवले होते आणि पुराव्याअभावी सगळे खोडले होते.

"नका सांगू, आई," मी म्हटलं. "मला कळलं की मला ते लपवावं लागेल, आणि मला खोटं बोलता येत नाही. तुम्हाला जायचंय एवढं मला पुरे."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी मला असं नीट बघितलेलं ते बहुधा दुसऱ्यांदा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा पसंत करायचं होतं.

त्याच सुमारास तो खाजगी माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा आला होता. मी तो मुळातून वाचला. टेबलाशी बसून, हातात पेन्सिल घेऊन. आमच्या इमारतीत असं करणारी मी एकटीच, आणि आजूबाजूच्या बऱ्याच इमारतींतही एकटीच असेन असा माझा अंदाज आहे. कायदा म्हणत होता, तुमची माहिती तुमची. ज्याला ती हवी त्याने कशासाठी हवी ते सांगावं, नीट विचारावं, आणि दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. मी तर नुसतं वर बघून दिली होती. त्या हिशेबाने खाली बघितलं की परत मिळायला हवी.

पण मी सोसायटीकडे रीतसर अर्ज केले. एक माझा, एक सासूबाईंचा. सासूबाईंनी सही करताना म्हटलं, "माझाही काढ त्या मेल्यातून. माझा चेहरा मला लागतो."

सेक्रेटरींनी ते दोन्ही अर्ज 'ऐनवेळचे विषय' या सदरात घेतले आणि त्यांचं काय झालं ते मी वर सांगितलंच आहे.

सभेनंतर सल्ले सुरू झाले. आमच्या इमारतीत सल्ल्याला लिफ्ट लागत नाही, तो जिन्यावरूनही तितक्याच वेगाने येतो. दंतवैद्य म्हणाले, "वहिनी, लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?" गाडीत बसून चालणाऱ्या माणसाने हे म्हणावं, याला मी धैर्य म्हणते. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकांनी सांगितलं की तोंडाला फडकं बांधून जा, फक्त मग गेट उघडणार नाही. सेक्रेटरींच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे सेक्रेटरीवहिनी म्हणतो, त्या दारातूनच म्हणाल्या, "जाऊ दे गं. आपलं कोण बघतंय?" आणि घरी नवरा म्हणाला, "अगं, फोनला आपलं सगळं माहीतच आहे. आता गेटला कळलं तर काय बिघडलं?"

"एकदा चोर शिरला म्हणून दार काढून ठेवायचं का?" मी विचारलं.

तो विचारात पडला. त्याला या वाक्याला अनुमोदन द्यावंसं वाटत होतं, पण घरात सभा नव्हती.

मी कंपनीला फोन केला. एका गोड आवाजाच्या बाईने सांगितलं की आपली गोपनीयता आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे आणि हे संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे. मग एक माणूस आला.

"चेहरा काढून टाकायचाय? जरूर, मॅडम. ओळख पटवण्यासाठी चेहरा दाखवा."

"तोच तर काढायचाय."

"हो, पण कोणाचा काढायचा ते आम्हाला कळायला हवं ना? समजा दुसऱ्याच कोणाचा निघाला तर?"

"तुमचं यंत्र चुकत नाही ना?"

"नाही मॅडम. आता तर आणखी चांगलं केलंय. पूर्वी चष्मा बदलला, केस कापले की ओळखायचं नाही, लोक तक्रारी करायचे. आता थोडं सैल ठेवलंय. सगळ्यांना ओळखतं."

प्रयोगशाळेत 'थोडं सैल ठेवलंय' असं म्हणणाऱ्या माणसाला आम्ही चहासुद्धा विचारत नाही. पण त्या माणसाला तो गुण वाटत होता.

मग मी सरकारी तक्रारीची वेबसाइट उघडली. तक्रार नोंदवण्याआधी तिथे एका चौकोनात खूण करून संमती द्यायची होती. कशाला, ते बारीक अक्षरांत होतं. भिंग घेऊन वाचलं तरी समजलं नाही. खूण केल्याशिवाय पुढे जाता येईना. केली. दुसऱ्या दिवसापासून मला फोन यायला लागले. घरासाठी, दुकानासाठी, गोदामासाठी चेहरा ओळखणारी यंत्रं सवलतीत हवीत का? वेबसाइटनेच माझा नंबर दिला असं माझं म्हणणं नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण एका बाईंनी मला नावानिशी विचारलं, "तुम्हाला गेटचा प्रॉब्लेम आहे ना?"

मी रजा टाकली आणि तक्रारीचं सरकारी कार्यालय गाठलं.

त्या कार्यालयाच्या दारातही यंत्र होतं. पहारेकरी म्हणाला, "इकडे बघा."

मी बघितलं नाही. मी जमिनीकडे बघत उभी राहिले. "चेहरा द्यायचा नाही, त्याचीच तक्रार करायला आले आहे," मी फरशीला सांगितलं.

पहारेकऱ्याने वर फोन केला. बऱ्याच वेळाने एक कारकून खाली आले, हातात अर्धवट खाल्लेलं बिस्किट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. "बाई, अवघड आहे. अर्ज खाली घेता येत नाही, शिक्का वर आहे. तुम्हाला वर नेता येत नाही, नोंद खाली आहे."

"शिक्का खाली आणता येईल का?"

"शिक्का?" त्यांचा आवाज खाली गेला. मी जणू साहेबांनाच पाठुंगळी मारून आणायला सांगितलं होतं. मग ते बिस्किट संपवून अर्ज वाचू लागले आणि एका ओळीवर थांबले. "सभेने ठराव करून तुमची संमती दिली?"

"हो."

"विरोध कोणी केला नाही?"

"मी केला."

"मग?"

"मला पाणी हवंय का विचारलं."

कारकुनांनी ते दोन्ही कागद घडी करून काखेत घेतले. नोकरीत इतकी वर्षं लोकांच्या संमत्या कशाकशा घेतात हे त्यांनी पाहिलं असेल, पण हा प्रकार त्यांच्या संग्रहात नसावा. ते वर गेले आणि जेवणाच्या पिशवीत लपवून शिक्का घेऊन आले. पहारेकऱ्याच्या स्टुलावर कागद ठेवून त्यांनी तो दोन्ही अर्जांवर उमटवला, फुंकर मारली, आणि हळूच म्हणाले, "आमच्या दारातल्या यंत्राची पण तक्रार करणार का?"

"आधी घरचं होऊ दे," मी म्हटलं. त्यांचा चेहरा जरा उतरला. त्यांना ती हवी होती असं मला वाटतं.

कार्यालयाचं पत्र आलं. संमती ज्याची त्याने द्यायची, सभेला ती देता येत नाही, दोन्ही चेहरे पुसून टाका. कंपनीने पुसल्याचंही कळवलं. नेमका मंगळवार होता. बुधवारी मी पुन्हा रजा टाकली, जेवण उरकलं, आणि आम्ही दोघी गेटवर गेलो. सासूबाई पुढे, मी मागे.

यंत्राने सासूबाईंकडे बघितलं. लाल दिवा.

"हे ओळखतच नाही, आजी," वॉचमन म्हणाला. तो स्क्रीनवर खाली-वर करत होता. "आणि तुम्ही आत आल्याची नोंदच नाही. आत न आलेल्या माणसाला बाहेर कसं सोडू?"

"मग मी आता कुठे आहे?"

"आत."

"कोण म्हणतं?"

"मी बघतोय ना."

"मग तुझं बघणं चालत नाही का?"

"पूर्वी चालायचं," वॉचमन म्हणाला, आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. त्याने आपली खुर्ची पुढे केली. सासूबाई बसल्या. बरोब्बर गेटासमोर, मधोमध.

आता मी पुढे झाले. मलाही लाल दिवाच मिळणार, आणि मग दोघी मिळून काय ते बोलू, असा माझा विचार होता. यंत्राने माझ्याकडे बघितलं. हिरवा दिवा लागला, गेट सरकलं, आणि पडद्यावर सेक्रेटरींच्या फ्लॅटचा नंबर आला. त्याखाली लिहिलं होतं, 'पत्नी'.

माझा चेहरा पुसला होता, पण यंत्राला 'मी ओळखत नाही' म्हणायची सवय राहिली नव्हती. त्याने जवळात जवळचा चेहरा शोधला होता. सेक्रेटरीवहिनींत आणि माझ्यात साम्य एवढंच की दोघींना चष्मा आहे आणि दोघी सेक्रेटरींवर वैतागलेल्या असतो.

मी बाहेर पडले. शहाण्या बाईने इथेच सासूबाईंचा हात धरून त्यांनाही बाहेर काढलं असतं. पण एक वाचन म्हणजे वाचन नव्हे, हे आम्ही प्रयोगशाळेत नव्यांना पहिल्या दिवशी शिकवतो. योगायोग असू शकतो. मी आत आले. 'पत्नी'. चष्मा काढून बाहेर गेले. 'पत्नी'. तोंड वाकडं करून आत आले. 'पत्नी'. पर्स डोक्यावर धरून पाहिली. सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "काय चाललंय तुझं?"

"चुकतं किती ते बघते, आई."

मी हे बघत असताना दर फेरीला सेक्रेटरींच्या फोनवर सूचना जात होती, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. सेक्रेटरी त्या वेळी दंतवैद्यांच्या खुर्चीत आडवे होते, अर्धा जबडा बधिर, गालात कापूस. 'आपल्या पत्नी बाहेर गेल्या. आपल्या पत्नी आत आल्या. आपल्या पत्नी बाहेर गेल्या.' फोन थरथरत राहिला. त्यांनी घरी फोन लावला आणि तशाच अवस्थेत खुर्चीतून उठले. वरून सेक्रेटरीवहिनी फोन कानाला लावून खाली उतरल्या. दोघं गेटवर समोरासमोर आले तरी फोनवरच बोलत होते.

"तू गेतवर आहेश," सेक्रेटरी म्हणाले.

"आत्ता आले! मघापासून घरात काम करत होते मी!"

"शारखी आत-बाहेर करते आहेश. नोंद आहे."

"मी घरात होते म्हणून सांगतेय ना!"

"यंत्र खोतं बोलत नाही."

"मग मी बोलते?"

या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी कुठल्याही विवाहित माणसाने तोंडातला कापूस काढून जरा विचार करावा. सेक्रेटरींनी विचार केला नाही. "नोंद आहे," ते पुन्हा म्हणाले.

सेक्रेटरीवहिनींनी फोन बंद केला. तोवर खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती आणि बरीचशी खाली उतरली होती. हातमोजे घातलेले दंतवैद्य, शाळा लवकर सुटलेल्या शिक्षिका. वहिनींनी सगळ्यांकडे बघून विचारलं, "माझ्या नावाने कोण फिरतंय?"

मी हात वर केला. "मी."

"कुठे गेली होतीस?"

"कुठेच नाही. गेटापर्यंत. तपासत होते."

"अगं, मग जरा लांब तरी जायचंस!" त्या म्हणाल्या. "माझ्या नावाने बाहेर पडलीस, आणि तीही गेटापर्यंतच?" मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "माझी संमती परत द्या. आत्ता."

"अग, अर्द कर."

"संसाराला अर्ज केला होता का मी?"

एवढ्यात माझा फोन वाजला. नवरा होता. त्याला कोणीतरी कळवलं होतं. "काय चाललंय तिथे? आई गेट अडवून बसली आहे म्हणे! अगं, तिला एवढं विचार ना, कुठे जायचंय. ती सांगेल तर मी आत्ता हो म्हणतो."

"तुला विचारायचं असेल तर तू विचार," मी म्हटलं. "मी गेट उघडून देणार आहे."

"पण मग कळणार कसं?"

"नाही कळणार," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मी त्याचा फोन आजवर कधी मध्येच ठेवला नव्हता. बरं वाटलं.

"हाताने उघड," मी वॉचमनला सांगितलं.

"मॅडम, हाताने उघडायचं तर यंत्र बंद करावं लागतं. यंत्र बंद करायला सोसायटीचा ठराव लागतो."

"मी सूचक," सेक्रेटरीवहिनी म्हणाल्या.

क्षणभर सगळे चपलांकडे बघू लागले, सवयीने. मग दंतवैद्यांनी घसा खाकरला. ते वाहनतळाकडे, तिथल्या आपल्या गाडीकडे बघत होते. "अनुमोदन," ते म्हणाले, आणि हातमोज्यासकट हात वर केला. शिक्षिकांनी केला. वॉचमनने केला, त्याला मत नसतं तरी. सेक्रेटरींचा हात सुजलेल्या गालावर होता. तो वर गेलेलाच धरण्यात आला.

वॉचमनने बटण दाबलं. दिवा विझला. त्याने दोन्ही हातांनी गेट ढकललं आणि ते करकरत बाजूला झालं. सासूबाई उठल्या, पदर नीट केला, पर्सचा पट्टा खांद्यावर घेतला.

आणि मग माझ्या लक्षात आलं की कोणीच हलत नाहीये. सगळी इमारत त्यांच्याकडे बघत उभी होती. गेटाबाहेर रस्ता दोन्हीकडे जातो. डावीकडे वळल्या तर काय, उजवीकडे वळल्या तर काय, याचे हिशेब प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होते. दंतवैद्य पुढे झाले. "काकू, सोडू का कुठे? गाडी आहे."

"नको रे बाबा," सासूबाई म्हणाल्या. पण त्या पाऊल उचलेनात. उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, एकदा आमच्याकडे, एकदा रस्त्याकडे बघत. यंत्र बंद होतं आणि पंधरा-वीस डोळ्यांच्या जोड्या चालू होत्या. त्यात माझीही एक होती.

मी कधी मोठ्याने बोलत नाही. प्रयोगशाळेत मोठ्याने बोललं की नाजूक तराजूचा काटासुद्धा थरथरतो. पण त्या दुपारी माझा आवाज असा निघाला की तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी आपोआप बंद झाली.

"सगळ्यांनी तोंडं भिंतीकडे करा!"

शाळेत बाईंनी सांगावं आणि वर्गाने ऐकावं तसे सगळे वळले. आमच्या शिक्षिका सगळ्यांत आधी. सेक्रेटरीवहिनींनी नवऱ्याचा खांदा धरून त्याला फिरवलं. वॉचमनही वळला. शेवटी मी वळले. समोर जिन्याची भिंत होती, तिच्यावर सूचनाफलक, आणि फलकावर मागच्या महिन्याचा आवक-जावक अहवाल. मी तो न वाचता नुसती उभी राहिले.

मागे चपलांचा आवाज झाला. तो गेटाबाहेर गेला. मग एका बाजूला वळला. कुठल्या, ते ऐकू येऊ नये म्हणून मी खोकले.

"वळू का आता?" दंतवैद्यांनी भिंतीला विचारलं.

"नाही," मी म्हटलं.